बेमिजीची फ्लाइट कुणी रद्द केली?

१

या पृथ्वीतलावर वाया गेलेल्या प्रत्येक मिनिटाला कुणीतरी धनी असतो, आणि त्या धन्याला हुडकून काढणं हा न्यायाचा, म्हणजे ओघानंच मानवी संस्कृतीचा, पाया आहे, अशी लोर्ना ब्यूगस्टॅडची श्रद्धा होती. गेल्या ऑक्टोबरात तिनं सत्तेचाळीस मिनिटं एका बदकाच्या नावावर टाकली होती. बदकानं अपील केलं नाही.

मिनिआपोलिसला बर्चबार्क एअरलाइन्सच्या मुख्य कचेरीत लोर्ना एकोणीस वर्षं हे एकच काम करत होती. आदल्या दिवशी जी विमानं उशिरा सुटली त्यांचं एकेक मिनिट कुठल्या तरी खात्याच्या गळ्यात बांधायचं. सामानवाल्यांमुळे सात, इंधनवाल्यांमुळे चार, वैमानिक कॉफी घ्यायला गेला म्हणून तीन. त्यासाठी सत्त्याऐंशी कारणांची छापील यादी होती. खाती आपली मिनिटं नाकारायची, दुसऱ्याच्या अंगणात टाकायची, रात्रीतून परत आलेली बघून कपाळाला हात लावायची. लोर्ना जेवणाच्या खोलीत शिरली की चाललेलं बोलणं एकदम थंडीवर यायचं. पाठीमागे तिला ‘मिनिटवाली’ म्हणत. समोर मात्र सगळे फार गोड, कारण मिनेसोटात माणसाला तोंडावर वाईट बोलायची पद्धत नाही. पाठ त्यासाठीच असते.

बुधवारी सकाळी तिच्या यादीत उशिरा सुटलेली एकोणीस विमानं होती आणि रद्द झालेलं एक. रद्द झाल्याची नोंद अशी होती:

‘२२७/१२. रद्द. कारण: जोरदार हिमवर्षाव. वेळ २१:४०. नोंद करणार: नॉर्बर्ट हॉगलंड.’

२२७ म्हणजे संध्याकाळी सहा पंचवीसला सुटणारी बेमिजीची फ्लाइट. काल, मंगळवारी अकरा तारखेला, मिनिआपोलिसपासून बेमिजीपर्यंत आकाशात ढगाचं बोटभर चिरगूट नव्हतं. थंडी होती, उणे एकोणीस, पण फेब्रुवारीत तिला इथे कुणी हवामान म्हणत नाही. विमान गेटवर उभं होतं. वैमानिक कामावर होते. फ्लाइट मात्र हिमवर्षावामुळे रद्द.

एवढ्यावर भागलं असतं. पण अठ्ठावन्न प्रवाशांमध्ये सेंट पॉलच्या एका शाळेचा मुलींचा कर्लिंगचा, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचा, संघ होता आणि आज सकाळी बेमिजीला त्यांची फायनल होती. कंपनीनं त्यांना बस दिली. बसही उशिरा आली. मुली पहाटे पोचल्या आणि साडेआठच्या फायनलमध्ये झोपेत हरल्या. त्यातल्या एकीचे वडील टीव्हीवर हवामान सांगतात. काल दहाच्या बातम्यांत त्यांनी नकाशासमोर उभं राहून, हातातली काडी खाली ठेवून, संबंध राज्याला सांगितलं होतं की आज मिनेसोटात एकाच ठिकाणी बर्फ पडला, आणि ते ठिकाण बर्चबार्कच्या कंप्युटरमध्ये आहे.

साडेनवाला लोर्नाला सहाव्या मजल्यावर बोलावणं आलं. क्रेग लिंडमार्क हे वक्तशीरपणा खात्याचे उपाध्यक्ष. हे पद दोन वर्षांपूर्वी निघालं आणि ते भरायला आठ महिने उशीर झाला. माणूस मऊ, नीटनेटका, नव्या गालिच्यासारखा. दुपारी दोनला नॉर्बर्टची चौकशी आहे, असं त्यांनी सांगितलं. खोटं कारण घालून फ्लाइट रद्द करणाऱ्याला नियमानं घरी पाठवावं लागतं. आपल्याला फार वाईट वाटतं, असंही त्यांनी सांगितलं आणि खरोखरच वाईट वाटल्यासारखे दिसले. लोर्नानं दोनपर्यंत काय घडलं ते शोधून काढावं.

ती दारापर्यंत गेली तेव्हा ते मागून म्हणाले, “मला यातलं काहीच माहीत नाही हं. रात्री पावणेदहाला मी मुलाच्या हॉकीच्या मॅचला होतो. बायको होती बरोबर.”

लोर्नानं मान हलवली आणि जिन्यात थांबून ते वाक्य वहीत उतरवलं. न विचारता दिलेला खुलासा हा तिच्या धंद्यात कबुलीजबाबाचा धाकटा भाऊ होता. त्यातून फ्लाइट रद्द झाली होती दुपारी. रात्री पावणेदहाबद्दल तर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

२

बर्चबार्कची कंट्रोल रूम तळमजल्यावर होती आणि तिला खिडक्या नव्हत्या. संबंध उत्तरेत बर्फ केव्हा पडणार हे ठरवणारी माणसं तिथे बसत.

भिंतीवर घड्याळ एकच, ग्रीनिचचं. विमानवाले जगभर ग्रीनिचच्या वेळेनं चालतात, नाहीतर या गावची वेळ आणि त्या गावची वेळ यांत विमान हरवेल. बर्चबार्कची बहुतेक विमानं मिनेसोटाची शेतं आणि तळी ओलांडून परत येत, हरवायला वावच नव्हता, पण घड्याळ तेच होतं. खोलीतली माणसं त्यामुळे घरच्यांपेक्षा सहा तास पुढे जगत. लोर्नाही निम्मी तशीच झाली होती. नोंदीतलं २१:४० वाचताना तिच्या डोळ्यांना आपोआप दुपारचे तीन चाळीस दिसले होते.

नॉर्बर्ट हॉगलंड त्याच्या चार नंबरच्या टेबलाशी बसला होता. तो डिस्पॅचर होता, म्हणजे कुठलं विमान सोडायचं आणि कुठलं नाही हे ठरवणारा. एवढा अधिकार एकतीस वर्षं हातात असूनही तो दाराला धक्का लागला तर दाराची माफी मागे. या भागातली माणसं न केलेल्या गोष्टीही आपल्या अंगावर घेतात, वाद नको म्हणून. म्हणून तो जे बोलला त्याचं लोर्नाला नवल वाटलं.

“मी नाही केलं, लोर्ना.”

तिनं विचारलं, तुझं लॉगिन, तुझं टेबल, मग कुणी केलं. नॉर्बर्टनं सांगितलं की काल साडेतीनला खोलीबाहेरच्या बंदिस्त व्हरांड्यात त्याच्यासाठी केक आणला होता. एकतीस मार्चला तो निवृत्त होणार. एकतीस वर्षांचा एक केक आणि निवृत्तीचा दुसरा असा खर्च नको म्हणून दोन्हींचा मिळून एकच, सात आठवडे आधी. आज बर्फ येणार म्हणून तो काल दिवसभर आजच्या संध्याकाळच्या उत्तरेकडच्या फ्लाइट एकेक करून रद्द करत होता. काम अर्धवट टाकून तो केक कापायला गेला. लॉगिन उघडं राहिलं. सगळेच तसं ठेवतात, कारण एकदा बंद झालं की परत उघडायला नऊ मिनिटं लागतात.

“आणि ती नऊ मिनिटं तू आमच्याच नावावर टाकतेस,” नॉर्बर्ट म्हणाला, आणि लगेच म्हणाला, “सॉरी.”

त्याच्या स्क्रीनच्या कडेला नातवाचा फोटो चिकटवला होता. मुलगी अँकरेजला असते. कंपनीची सगळ्यात लांबची फ्लाइट तिथे जाते. निवृत्त माणसाला जन्मभर फुकट प्रवासाचा पास मिळतो. बडतर्फ माणसाला मिळत नाही.

“पाच महिन्यांचा झाला. रोज फोनवर बघतो,” नॉर्बर्ट म्हणाला. “पण फोनवर बाळाचं वजन कळत नाही ना. मी अजून त्याला उचललेलं नाही, लोर्ना. पास गेला तर मी काय करू?”

पासाचं लोर्नाच्या हातात काही नव्हतं. तिच्या यादीत त्याला रकाना नव्हता. केक कापताना खोलीत कोण राहिलं होतं, एवढंच तिनं विचारलं.

त्याला माहीत नव्हतं. त्याची दाराकडे पाठ होती. पण तो थोडा घुटमळला.

“मी तुकडे कापत होतो तेव्हा आत कुणीतरी टाइप करत होतं. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक. एकेका बोटानं. आमच्या खोलीत असं टाइप करणारा एकच माणूस आहे, आणि त्याचं नाव मी घेणार नाही.”

३

लोर्ना त्या माणसाकडे लगेच गेली नाही. आधी ज्याचा फायदा झाला त्याला गाठायचं, हा तिचा शिरस्ता होता.

फायदा पा न्या वांगचा झाला होता. ती वैमानिकांच्या ड्यूट्या लावायची. पस्तिशीची, सेंट पॉलला आग्नेय आशियातून आलेल्या ह्मोंग लोकांच्या वस्तीत वाढलेली, तीन फोन एकदम बोलणारी. काल सहा पन्नासच्या विनिपेगच्या फ्लाइटला तिच्याकडे एक वैमानिक कमी होता. आदल्या खेपेला उशीर झाल्यानं त्याचे कामाचे तास संपले होते आणि कायद्यानं त्याला झोपायला पाठवणं भाग होतं. तीन चाळीसला २२७ रद्द झाली. तीन चव्वेचाळीसला २२७ चा वैमानिक विनिपेगच्या फ्लाइटवर होता.

चार मिनिटं फार लवकर झाली, असं लोर्ना म्हणाली.

“फार?” पा न्या टाइप करता करता म्हणाली. तिची दहा बोटं पत्र्यावर गारा पडाव्यात तशी चालत होती. “मला तर वाटत होतं मी तीनच घेतली. लोर्ना, पार्किंगमध्ये जागा रिकामी झाली तर मी गाडी घालते. आधीच्या गाडीवाल्याला मी मारला असं तुझं म्हणणं आहे का?”

लोर्नाचं म्हणणं काहीच नव्हतं, ती फक्त विचारत होती. पा न्यानं सांगितलं की साडेतीन ते तीन एकेचाळीस ती व्हरांड्यात एका हातात केकची बशी आणि दुसऱ्या हातात फोन धरून उभी होती. फोनवर एक कॅप्टन आपले तास संपले आहेत की आपल्याला फक्त झोप आली आहे हे समजून घेत होता. त्या फोनचं रेकॉर्डिंग आहे, ऐकायचं तर ऐक.

दोन बश्या होत्या, असं ती जाता जाता बोलून गेली. दुसरी कुणाची, लोर्नानं विचारलं.

“क्रेगची. केक घेऊन तेच तर आले होते वरून. मी म्हटलं, घ्या. ते म्हणाले, नको.” पा न्याची बोटं पहिल्यांदा थांबली. “आता तुला माहीतच आहे. पहिलं नको म्हणजे नको नसतं, तिसऱ्यांदा विचारलं की घेतात. मी दुसऱ्यांदा विचारायला वळले तर माणूस जागेवर नाही. तिसरी वेळ तर आलीच नाही. मी बशी धरून उभी. दहा मिनिटांनी आले, गाल लाल, आणि एकदम खुशीत. तोवर केकचा शेवटचा तुकडा अर्धा, मग त्याचा अर्धा, असं करत राईएवढा झाला होता. तो अजून फ्रिजमध्ये आहे. संपवायचा कुणी?”

“कुठे गेले होते ते?”

“मी काही म्हणत नाहीये,” पा न्या म्हणाली, आणि गारा पुन्हा पडायला लागल्या. मिनेसोटात या वाक्यानंतर कुणी काही म्हणत नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, “डेल्बर्टला विचार. त्याला ते विमान हवंच होतं.”

व्हरांड्यातून जाताना लोर्ना एका फळ्यासमोर थांबली. लिंडमार्कसाहेबांनी आल्या आल्या लावलेला फळा. महिन्यात किती टक्के फ्लाइट वेळेवर सुटल्या ते त्यावर रोज लिहीत. ऐंशी टक्के झाले की संबंध कंपनीला कंपनीचं चित्र असलेलं लोकरी जाकीट मिळणार होतं. परवा आकडा एकोणऐंशी पूर्णांक नऊ होता. आज ऐंशी होता.

तो आकडा कसा काढतात हे तिला चांगलं माहीत होतं, तीच काढून द्यायची. सुटलेल्या फ्लाइटपैकी वेळेवर किती. जी सुटलीच नाही ती मोजत नाहीत. आणि २२७ ही तिच्या वहीतली सगळ्यात नाठाळ फ्लाइट होती. पंधरवड्यात एकदाही ती वेळेवर सुटली नव्हती.

रद्द झालेली फ्लाइट कधीच उशिरा सुटत नाही. हे ज्याला कळलं होतं, तो सहाव्या मजल्यावर बसत होता.

४

डेल्बर्ट किटलसन दुरुस्ती खात्याचा. पूर्वी हँगरमध्ये मेकॅनिक होता, आता कुठल्या विमानाला काय झालंय ते कंट्रोल रूममध्येच टेबलाशी बसून बघायचा. बोटं गाजराएवढी जाड, म्हणून दोनच वापरायचा. लोर्ना आली तेव्हाही टाइप करत होता. टक. मग बराच वेळ काही नाही.

“ये मिनिटवाली,” तो म्हणाला. तोंडावर म्हणणारा तोच एक होता, आणि त्यामुळे लोर्नाला तो जरा बरा वाटायचा. “किती आणलीस?”

तिनं विचारलं की काल २२७ रद्द झाल्यावर सव्वाचारलाच ते विमान हँगरमध्ये कसं गेलं. डेल्बर्टनं कबूल केलं की त्याला ते विमान तीन दिवस हवं होतं. संडासाच्या टाकीचा हीटर बिघडला होता. उणे एकोणीसमध्ये संडासाच्या टाकीचा हीटर बिघडला की पुढे काय होतं, ते तो सांगायला लागला. लोर्नानं थांबवलं.

टाइप करण्याचा आवाज एका बोटाचा होता, हेही तिनं सांगितलं. डेल्बर्टनं आपली दोन्ही बोटं वर करून निरखली.

“हे बघ. मला विमान थांबवायचं असेल तर मी काय करतो? इथे सही करतो. हीटर बिघडला, विमान खाली. झालं. कुणी विचारत नाही, नॉर्बर्ट नाही, तुझे ते वरचे नाहीत. मी बर्फाचं नाव कशाला घेईन? तसंच त्या पोरीचं. तिला वैमानिक हवा असता तर तिनं सरळ २२७ चा काढून घेतला असता, वैमानिक नाही म्हणून लिहिलं असतं. तिचा तो अधिकार आहे. इथे खोटं बोलायची गरज कुणालाच नाही, लोर्ना. खऱ्या कारणांचाच एवढा साठा आहे.”

मुद्दा बिनतोड होता. या खोलीतल्या प्रत्येकाकडे फ्लाइट थांबवायचं स्वतःचं, कायदेशीर, खरं कारण होतं. ज्याच्याकडे नव्हतं त्यानंच बर्फ लिहिला. एकेका बोटानं. आणि लिंडमार्कसाहेबांना तिनं कधी टाइप करताना पाहिलंच नव्हतं; त्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या सेक्रेटरी लिहायची.

म्हणजे एका जाकिटासाठी त्यांनी फ्लाइट मारली, आणि आता दोन वाजता त्याच फ्लाइटसाठी नॉर्बर्टला घरी पाठवणार. लोर्नाला हे इतकं पटलं की तिला भीतीच वाटली. एकोणीस वर्षांत तिच्या वाट्याला अस्सल गुन्हा आला नव्हता. खटकत एवढंच होतं की लबाडी करणारा माणूस निरभ्र आकाशात बर्फ कशाला घालेल. सत्त्याऐंशी कारणं होती. दाराचं रबर फाटलं असं घालायचं.

ती उठली. डेल्बर्टच्या टेबलावर कागदाची टोपी पडलेली होती. वाढदिवस होता का, तिनं विचारलं.

“आज आहे. बारा तारीख. पण केक काल झाला, दुसरा. काल संध्याकाळी सहाच्या ठोक्याला सगळ्यांनी गाणं म्हटलं. घरी बायको वैतागते, म्हणते तू दरवर्षी सहा तास आधी म्हातारा होतोस.”

लोर्ना दोन पावलं गेली आणि थांबली. मग हळूच वळून समोरच्या, फ्लाइट दाखवणाऱ्या मोठ्या फळ्याकडे पाहिलं. आज संध्याकाळच्या उत्तरेकडच्या फ्लाइट ओळीनं लाल होत्या. डुलूथ रद्द, हिबिंग रद्द, इंटरनॅशनल फॉल्स रद्द. मध्ये एकच ओळ हिरवी होती. २२७, बेमिजी, सहा पंचवीस. वेळेवर. कालच्या राहिलेल्या प्रवाशांनाही तिच्यावरच जागा दिली होती, त्यामुळे ती खचाखच भरली होती.

“नॉर्बर्ट,” लोर्ना म्हणाली, “आजची २२७ रद्द का नाही केलीस?”

नॉर्बर्टनं फळ्याकडे पाहिलं आणि त्याचा रंग उडाला. काल ती एकच उरली होती. केक खाऊन येऊन करणार होता. आला तेव्हा गेटवरून फोन सुरू झाले होते की उभं विमान रद्द कसं, आणि त्या गडबडीत राहून गेलं. तो कीबोर्डकडे हात नेऊ लागला.

“थांब,” लोर्ना म्हणाली. “दोन वाजेपर्यंत हात लावू नकोस. मला ती तशीच हवी आहे.”

५

चौकशी सहाव्या मजल्यावर झाली. लिंडमार्कसाहेब टेबलाच्या एका टोकाला, मनुष्यबळ खात्याच्या बाई दुसऱ्या टोकाला, मध्ये नॉर्बर्ट कोट घालून. बाईंनी पत्र आधीच छापून आणलं होतं. फक्त सही बाकी होती. खिडकीतून दिसणारं आकाश पांढुरकं झालं होतं.

लिंडमार्कसाहेबांनी दुःखी आवाजात सुरुवात केली. लोर्नानं आधी एक प्रश्न विचारायची परवानगी मागितली. प्रश्न सरळ होता, आणि या राज्यात सरळ प्रश्न विचारणं म्हणजे टेबलावर पाय ठेवण्यासारखं असतं. कालपासून तो कुणीच विचारला नव्हता, त्याचं कारण तेच.

“क्रेग, काल केकच्या वेळी तुम्ही नॉर्बर्टच्या टेबलाशी बसला होता का?”

लिंडमार्कसाहेबांचे कान लाल झाले. मग गाल. मग ते चक्क हसले.

“म्हणजे कळलं का?” ते म्हणाले. “मी आपण होऊन बोलणार नव्हतो.”

मनुष्यबळाच्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

“बिचारा केक कापत होता,” ते पुढे म्हणाले. “मी पाहिलं, उद्याची एकच फ्लाइट राहिली होती. म्हटलं, आपण करून टाकू, त्याला तेवढंच काम कमी. मागे दोन दिवसांचं ट्रेनिंग घेतलं होतं मी. वेळ लागला जरा, पण जमलं. आता स्वतःच्या तोंडानं कसं सांगायचं? वाटलं, कुणीतरी आपण होऊन म्हणेल.”

सकाळपासून ते शाबासकीची वाट बघत होते.

“कुठली फ्लाइट रद्द केलीत?” लोर्नानं विचारलं.

“२२७. बुधवारची. बारा तारखेची. हिमवर्षाव.”

“मग ती अजून फळ्यावर हिरवी का आहे?”

लिंडमार्कसाहेबांचं हसू होतं तिथेच राहिलं, फक्त त्याच्यामागचा माणूस निघून गेला. लोर्नानं मग सावकाश, कुणाकडे न बघता, सगळं मांडलं. बर्फ लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलं नव्हतं. त्याच्या मते बर्फ पडणारच होता, आणि तो पडणार होता बुधवारी. त्यानं तारीखही बुधवारचीच घातली, बारा. पण खालचा कंप्युटर ग्रीनिचच्या तारखा वाचतो. ग्रीनिचची बारा तारीख आपल्याकडे मंगळवारी संध्याकाळी सहालाच सुरू होते. सहा पंचवीसची फ्लाइट त्याच्या आत येते. म्हणून मंगळवारच्या संध्याकाळची २२७ ही कंप्युटरच्या लेखी बारा तारखेची, आणि आजची तेराची. बारा सांगितलं, कंप्युटरनं बारा मारली.

“खालच्या खोलीत ही चूक कुणाच्या हातून होणार नाही,” लोर्ना म्हणाली. “ते लोक वाढदिवससुद्धा आदल्या संध्याकाळी करतात. ही चूक करायला माणूस वरून यावा लागतो.”

“पण नोंदीत पावणेदहाची वेळ आहे,” लिंडमार्कसाहेब क्षीण आवाजात म्हणाले. “एकवीस चाळीस. तेव्हा मी हॉकीच्या मॅचला होतो.”

“तीही ग्रीनिचची आहे. दुपारचे तीन चाळीस. संध्याकाळी सहा पंचवीसला सुटणारी फ्लाइट रात्री पावणेदहाला कशी रद्द करतील, क्रेग?”

हा प्रश्न उपाध्यक्षांना पडला नव्हता. लोर्नाला मात्र त्या क्षणी जिंकल्यासारखं वाटलं नाही. तिनं सकाळपासून जाकिटासाठी विमान मारणारा एक पाताळयंत्री माणूस मनात उभा केला होता, आणि समोर निघाला न सांगता मदत करणारा.

पहिला बोलला नॉर्बर्ट.

“सॉरी, क्रेग,” तो म्हणाला. “मी लॉगिन बंद करायला हवं होतं.”

“नाही, नाही, मी सॉरी,” लिंडमार्कसाहेब म्हणाले.

हे बराच वेळ चाललं. शेवटी मनुष्यबळाच्या बाईंनी पत्राचे दोन तुकडे केले आणि आजच्या फ्लाइटचं कुणीतरी काहीतरी करा, असं सुचवलं.

६

बुधवारची २२७ दोन पन्नासला नॉर्बर्टनं स्वतः रद्द केली. बर्फ पाचला सुरू झाला आणि पुढे अठ्ठावीस तास पडला. मंगळवारच्या प्रवाशांपैकी बरेच जण दोन दिवसांत दोनदा रद्द झाले आणि त्यांनी तशी पत्रं लिहिली. टीव्हीवरच्या वडिलांना कंपनीनं माफीचं पत्र पाठवलं; त्यात चूक होण्याचं कारण ‘घड्याळविषयक’ असं दिलं होतं. लिंडमार्कसाहेबांनी कंट्रोल रूममध्ये दुसरं, स्थानिक वेळेचं घड्याळ लावायचा हुकूम काढला. ते लावल्यापासून दोन आठवडे खोलीत सगळे वेळा चुकायला लागले, म्हणून ते उतरवलं.

लोर्ना गुरुवारी सकाळी यादी घेऊन बसली. सत्त्याऐंशी कारणं तिनं दोनदा वाचली. उपाध्यक्ष त्यात नव्हते. तिनं पेन्सिलनं अठ्ठ्याऐंशीवं कारण लिहिलं, बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, खोडलं, आणि ‘इतर’च्या पुढे खूण केली. दुपारी जेवणाच्या खोलीत ती शिरली तेव्हा बोलणं थंडीवर आलं नाही. पा न्यानं तिला खुर्ची ओढून दिली. दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा थंडी.

एकतीस मार्चला नॉर्बर्ट निवृत्त झाला. त्याचं नाव पूर्ण साफ झालं होतं, आणि जन्मभराचा पास त्याला लिंडमार्कसाहेबांच्याच हस्ते मिळाला, चामड्याच्या पाकिटात घालून. त्या पासावर विमानात जागा रिकामी राहिली तरच बसता येतं. एप्रिलमध्ये नॉर्बर्ट अँकरेजच्या फ्लाइटसाठी नऊ वेळा विमानतळावर गेला. नऊही वेळा ती भरलेली होती. मे महिन्यात त्यानं दुसऱ्या कंपनीचं तिकीट विकत घेतलं.